लंगडी ओळ

बाबा हिब्रू शिकले टपालानं,
अडाण नदीकाठच्या गावात,
जिथं उजवीकडून उघडणारं पुस्तक
पोस्टमननं दोनदा परत नेलं होतं,
छपाई चुकली म्हणून.

कंदिलाची काच पुसता पुसता सांगायचे:
त्या जुन्या लोकांत रडणं हे कसब होतं.
जाणत्या बायांना बोलावणं जायचं.
मेल्या माणसाची ओळ सरळ चालत नाही, पोरी,
तीन ठोके, मग दोनच.
तिसऱ्यानंतर पाय कुठं टेकायचा
ते तिला कळत नाही.
आणि टेबलावर बोटानं
टक टक टक. टक टक.
मी बारा वर्षांची. मनात म्हणायची,
मोजून कोण रडतं?

ते गेले ऐन वेचणीच्या दिवसांत.
पाळकसाहेबांची दारव्ह्याची एसटी चुकली.
पांढऱ्या साड्या भिंतीला टेकून बसल्या,
कुणी म्हणालं, ते सुखात आहेत.
कुणी चहाचं विचारलं.
शांतवन करायला एवढी माणसं,
आणि पेटीवर सुतारानं रंगवलेलं नाव:
शांतवन.
माझे डोळे कोरडे, पाटीसारखे.

तेवढ्यात जनकाबाई, थेट वावरातून,
कंबरेला कापसाची झोळी तशीच.
उंबऱ्यावर बसली. कुणाला विचारलं नाही.

कसं झालं रे मास्तर,
कसं झालं!
कोन वाचन पत्र पोराचं,
सांग आता?
चष्मा तुहा राह्यला खुटीवर,
डोये गेले.
शाई भरेल राह्यली दऊतीत,
हात गेला.

'हळू, बाई,' कुणीतरी म्हणालं.
तिनं आवाज आणखी वर नेला.

अंगठा उठवणारी बाई.
तिला कुठली हिब्रू?
पण खुर्चीच्या दांड्यावर माझं बोट
आपोआप चालू झालं होतं,
टक टक टक.
टक टक.

त्या भाषेतही विलापाची सुरुवात
'कसं' या शब्दानं व्हायची.
बाबा म्हणत, तो प्रश्न नव्हे,
उत्तराची वाट बघू नये.

मी तोंड उघडलं.
पहिले तीन शब्द निघाले,
पुढचे दोन जनकाबाईनं भरले.

चौथ्या दिवशी ती पत्र घेऊन आली,
सुरतेचा शिक्का, ओलसर घडी.
'सगळं ठीक आहे. काळजी नको.'
एवढंच होतं. मी वाचून घडी घातली.

ती उठेना.
'अजून एक डाव वाच,' म्हणाली,
'मास्तर दोनदा वाचे.'