याविषयी

प्रिंटर का रुसलंय ते सांगायच्या आत
मोर्शीहून गोटे साहेबांनी विचारलं,
"मॅडम, व्हर्जन कोणतं?"

सेटिंग्ज उघडते. डावीकडची यादी
खाली, आणखी खाली,
वाय-फाय, आवाज, वीज (ती आज दोनपर्यंतच),
अगदी तळाशी: याविषयी.

उपकरणाचं नाव: संजीवनी-पीसी.
संजीवनी ढोक बदलून वरुडला गेली, त्याला चार संत्र्याचे बहार झाले.
तिचं नाव कोणी खोडलं नाही. मीही नाही.
मेमरी चार. डिस्क पाचशे.
मग ती ओळ, जी फोनवर मोठ्यानं वाचायची असते:
उबंटू, बावीस पॉइंट शून्य चार, एलटीएस.

बाकावर झिंगूजी उईके सकाळपासून,
वयाच्या दाखल्यासाठी.
"हा कायचा नंबर होय, बाई?"
जन्म त्याचा, म्हटलं. बावीस साल, एप्रिल महिना.
"एप्रिल... मंजे मोह पडते तवाचा."
आणि थोड्या वेळानं,
"मशीनले आपली खरी तारीख ठाऊक हाये?"

कपाटात शाळेचं दाखल-खारीज आहे, वाळवीनं कडा चाटलेलं.
एका पानावर सतरा पोरं,
सतराही एक जुलैची,
एकाच मास्तरच्या एकाच दौतीतली.
झिंगूजी त्यातले नववे.
"माय सांगे, मोह येचून आली, टोपली उतरवली, अन् तू झाला."

साहेबांनी काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायला लावली.
आतलं नाव निघालं: जॅमी.
जेलीफिश हो मॅडम, समुद्रातला,
ना हाड ना रंग.
समुद्र आम्हां दोघांपैकी कोणी पाहिलेला नाही.
झिंगूजींनी तरी मान डोलावली,
पाहुण्यांच्या पोराचं नाव ऐकल्यासारखी.

"अन् ते यलटीयस?"
पाच वर्षं कंपनी सांभाळते, म्हटलं.
"मंग?"
मग चालतं. फक्त विचारपूस बंद होते.
ते काही बोलले नाहीत. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

प्रिंटर सुरू झालं, दोनला दहा कमी.
अर्जात जन्मतारखेचा चौकोन लुकलुकत होता.
मी शून्य चारपाशी थांबले, मग खोडलं,
रजिस्टर पाहून एक जुलै टाकलं.

मशीननं ते
काही न विचारता घेतलं.