वहितीदार

पाचांतलं एक गाव वरून निवडलं,
त्यात आमचं नागझिरी निघालं.
अनेरच्या पलीकडचे विचारतात,
आम्ही काय घोडं मारलं?
नमुना असतो, मी सांगते,
शितावरून भाताची परीक्षा.
पारावरचा म्हातारा म्हणतो,
आपण कळण्याची भाकर खातो बाई,
तिला शीत कुठलं?

टॅबवर उन्हात काही दिसत नाही,
ओढणीची सावली करून भरते.
विहिरीची खोली मीटरमध्ये हवी,
सांगणारा परसात सांगतो,
आणि तो परस कुणाच्या उंचीचा
ते त्याच्या आजालाच ठाऊक.

उताऱ्यावरची नावं मोठ्यानं वाचते.
उखर्डू धुडकू. दगा उखर्डू. फकिरा दगा.
आधीची लेकरं हाती लागली नाहीत म्हणून
उकिरड्यावर ठेवून उचललेली,
फडक्यात गुंडाळलेली,
यमानं ओलांडून जावं, मोजू नये
म्हणून ठेवलेली नावं.
पिढ्यान्‌पिढ्या चुकवली त्यांनी ती मोजणी.
आणि आता दारात मी.

फकिरा दगा बारा वर्षं सुरतेला, साच्यावर.
वावरात त्याची बहीण आहे, गेंदाबाई,
केळीची पिलं काढत,
चिकानं काळे पडलेले हात.

रकाना सात: वहितीदार कोण?
प्रशिक्षणात मी या ओळीखाली
दोनदा रेघ मारली होती.
जमीन कुणाच्या नावावर, हे विचारायचं नाही.
काय पेरायचं, कधी, किती,
हे जो ठरवतो तो.
'जो' आणि 'तो', असंच छापलंय.

कोण ठरवतं, गेंदाबाई?
ती बांधाकडे बघते. मग केळीकडे.
मग माझ्या चपलेकडे.
"मनं नाव नको लिखू. भाऊले राग येई."

तो विचारतो का फोनवर, काय लावलं म्हणून?
"विचारस ना. भाव काय शे, ते विचारस."

दोन वर्षांपूर्वी मीही चोपड्याच्या कचेरीत
हक्कसोडीवर सही केली,
भावानं पेढे आणले होते.
माझ्याच हातून पडलेला फेरफार
दुसऱ्या सज्जाच्या तलाठ्यानं मंजूर केला.
हे कुठल्याच रकान्यात येत नाही,
उगाच आठवलं.

स्त्री. मी बटण दाबते.
नाव लिहिते: गेंदाबाई दगा.
ती काही बोलत नाही,
चालायला लागते.
पावलांनी मोजत जाते काठापर्यंत,
आणि जिथं उतारा अजून सतरा आर पुढे जातो
तिथं थांबते, कारण खाली पाणी आहे.

"हाई नदीनी खादं. ते बी लिख."

नदीनं खाल्लेल्या जमिनीला पर्याय नाही.
पडीक आहे, लागवडीस अयोग्य आहे,
'इतर' आहे.
मी 'इतर' दाबते
आणि स्क्रीनवर बोट तसंच राहतं थोडा वेळ.

"सरकार या आकडास्नं काय करस?"
धोरण ठरवतं, मी म्हणते.
खत किती लागेल, पाणी कुठे द्यायचं,
कुणासाठी काय योजना.
बोलताना माझ्याच आवाजात
प्रशिक्षणाच्या हॉलचा पंखा फिरत असतो.
तरीही मी ते खोटं म्हणत नाही.
कुठेतरी एका बेरजेत
आता एक बाई जास्त आहे.

रात्री पाण्याच्या टाकीवर चढले,
रेंज तिथंच येते.
सातपुड्याकडे दोन-तीन दिवे.
पंच्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी फॉर्म गेले,
एक फिरत राहिला गोल गोल.
कुणाचा, ते बघितलं नाही.
बघितलं असतं तर झोप लागली नसती.
पहाटे तोही गेला.

आषाढात तिचा फोन.
केळी काढली, म्हणाली, मका टाकला.
बदलशील का?
गणना बंद झाली, गेंदाबाई.
आता पाच वर्षांनी.

पलीकडे कुणीतरी मोटार चालू केली,
आवाज तुटला, परत आला.

"बरं. मंग पाच वरीसनी ये.
पण नदीकडथून नको येजो,
तवलोंग बांध कोठे ऱ्हाई, सांगता येत नई."