ठेव

नारिनमध्ये वीज गेली की
विद्यापीठाचा सर्व्हरही मान टाकतो.
तिथे नको, म्हणते झिल्दिझ.

तेवीस उन्हाळे हिमनदीत काठ्या रोवल्या,
बर्फ किती उतरला ते बोटांनी मोजलं;
एका साली शाई गोठली, तर पेन्सिलीने लिहिलं.

एक भांडार फुकट आहे,
पण किती वर्षं सांभाळणार
या प्रश्नापुढे त्याचं पान कोरं.
दुसरं म्हणतं, कायमचा क्रमांक देऊ,
आम्ही बुडालो तरी आकडे सुखरूप पोचवू.
ती हसते.
कायमचं तर बर्फही म्हणायचा.

तरी अर्ज भरायला घेते.
माहिती कोणी गोळा केली?
स्वतःचं नाव लिहून थांबते.

काठ्या घोड्यावर लादून वर नेणारा तोक्तोबेक,
त्याला सही येत नव्हती.
बर्फाखालची भेग मात्र
घोड्याच्या कानांवरून ओळखायचा.

त्याचंही नाव घालते.
लगेच पुढचा रकाना : यांची संस्था?

कर्सर लुकलुकत राहतो.
बाहेर कुणीतरी कोळसा उतरवतंय.
मग ती लिहिते,
वरचं कुरण.

अर्ज कुरकुर करत नाही.
तिथेच ठरतं तिचं.