आवडला तर घ्या

धक्क्यावर फळीपाशी मी उभा असतो.
बोटीत चढणाऱ्याला एक क्षण अडवायचं,
इकडे बघा, हसा, झालं, चला पुढे.
उतरताना बघा. आवडला तर घ्या.
हे वाक्य मला पाच भाषांत येतं,
गुजरातीत तर घासाघीसही येते.

बोट सुटते. वर देखणी सुरू होते,
मग कोरिदिन्यो, मग माइकवर
"सुरतवाले कोण कोण आहेत, हात वर!"
खाली इंजिनाशेजारच्या खोलीत
कायतान बनियनवर मशीन पुसत बसलेला.
कागद चार वेळा आत जातो, चार वेळा बाहेर येतो.
पहिल्यांदा नुसती पिवळी माणसं, कावीळ झाल्यासारखी.
मग लाली चढते.
तिसऱ्या फेरीत निळा येतो
आणि निळ्यासोबत केस, बुबुळं,
मागची मांडवी, बेतीचा काठ.
चौथ्या फेरीत काहीच वाढत नाही.
पाणी लागू नये म्हणून एक थर, बस.
कायतान म्हणतो,
"ही चवथी फेरी देवान आमकां मारूंक ना रे."

पुलाखालून बोट वळली की भाव दीडशे,
धक्का दिसला की शंभर,
दोर बांधला की दोन घ्या, शंभर द्या.
लोक फळ्यावर स्वतःला शोधतात,
सापडले की लाजतात,
मग मोबाइल काढून
फोटोचा फोटो घेतात.
मी तेव्हा नदीकडे बघतो.
भांडून पाहिलंय, परवडत नाही.

उरलेले फाडून टाक म्हणतो मालक.
मी ते शेवटच्या कदंबने साळला नेतो.
आई मागच्या कोऱ्या बाजूवर
बॉलपेन दाबून दाबून दुधाचा हिशोब लिहिते.
सोमवार दीड, मंगळवार एक, बुधवारी म्हशीनं लाथ मारली.
इचलकरंजीचं एक आख्खं कुटुंब
आमच्या खुंटीला तारेत ओवलेलं आहे,
आठ जण, एकाचे डोळे मिटलेले.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट सांगू नये, पण सांगतो.
चौकड्याच्या शर्टातला एक जण
बोट लागायच्या आधीच फळ्यापाशी आला.
आपला फोटो खेचून काढला,
दोनशे दिले, सुटे मागितले नाहीत.
कठड्याशी जाऊन चार तुकडे केले आणि सोडले खाली.
ते बुडेनात. भिजेनातसुद्धा.
कॅसिनोच्या दिव्यांत बोटीबरोबर येत राहिले,
एकावर तिची अर्धी हनुवटी, तोंड वर करून.
तो म्हणाला, कार्डातूनही काढ.
त्याच्यासमोर बटण दाबलं मी.

सगळे उतरले. फळी ओढणार, तेवढ्यात ती परत आली,
गॉगल विसरला म्हणाली.
गॉगल तिच्या डोक्यावर होता.
"आणखी एक असेल का हो?"
होता. कायतानच्या मशीनमध्ये केस अडकला होता तेव्हा,
दोघांच्या मधोमध एक पांढरी रेघ आलेली,
म्हणून बाजूला टाकलेला.
खराब आहे, पैसे नकोत, म्हणालो.
तिनं पन्नासची नोट माझ्या खिशातच सारली.
माडाचं चित्र असलेली पुठ्ठ्याची चौकट काढून
माझ्या हातात ठेवली,
आणि फोटो, घडी न घालता,
काजूच्या खोक्यात तळाशी, वरून काजू.
धक्क्याच्या टोकाला तो रिक्षा ठरवत होता.
"मिळाला का?" त्यानं लांबून विचारलं.
तिनं डोक्यावरचा गॉगल काढून दाखवला.

सकाळी टायरात अडकलेला एक तुकडा मिळाला.
कान, थोडी कॉलर, बरंचसं आभाळ.
रंग तसेच होते.
कायताननं तो मशीनच्या झाकणावर चिकटवलाय,
माल कसा टिकतो ते गिऱ्हाइकाला दाखवायला.

आणि ती चौकट
दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका जोडप्याला गेली,
दीडशेला, घासाघीस न होता.