रोज चार मिलिमीटर

एक लाख अठरा हजार.
घरात मी अठ्ठ्याण्णव सांगितलंय,
आणि वृंदा काहीच बोलली नाही.
सायकल हॉलमध्ये उभी आहे,
चपलांच्या स्टँडपासून हातभर लांब,
कुठे बसावं न कळलेल्या पाहुण्यासारखी.

पहिल्या रविवारी सीवूड्सहून वाशी, आणि परत.
येताना गुडघे पोटाशी यायला लागले.
वाटलं, वय.
दुसऱ्या रविवारी चाणक्यच्या गेटपाशी
बिनगियरच्या सायकलवरचा एक शाळकरी पोरगा
मला मागे टाकता टाकता म्हणाला,
काका, सीट खाली गेलीय तुमची.

मी ड्राफ्ट्समन. तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती
अर्ध्या मिलिमीटरात बसवल्यात.
दांडीला पांढरी टेप गुंडाळली,
स्टीलची पट्टी लावून मोजलं, वहीत तारीख घातली.
अठरा किलोमीटर, चार मिलिमीटर.
वर ओढली. आवळली. पुन्हा चार.
पामबीचवर मी दर फेरीला
थोडाथोडा बुटका होत होतो,
खाडी मात्र होती तेवढीच.

मग अप्पा जे करायचे ते केलं.
अप्पांचं सगळं तेलावर चालायचं.
साखळी कुरकुरली, तेल.
बिजागरी, शिवणयंत्र, माझा दुखरा कान,
आईशी झालेलं भांडणसुद्धा
ते दाराच्या कडीला तेल घालून मिटवायचे.
मी ग्रीसचा डबा उघडला,
दांडीला तूप माखावं तसं माखलं,
बोल्ट आवळला, अजून आवळला,
आतून बारीक कर्र असं काहीतरी आलं
तेव्हा हात थांबला.
त्या रविवारी नऊ.

करावे गावात, तळ्यामागे, नकुल तांडेलचं दुकान.
बाहेर रिक्षाची ट्यूब, आत परदेशी पाने.
त्याने दांडी उपसून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं,
"ग्रीस कुणी लावलं?"
जखमेत हळद कुणी भरली, असं डॉक्टर विचारतो
त्या आवाजात.
"कार्बन आहे काका ही."

स्पिरिट, फडकं. स्पिरिट, फडकं.
अप्पांची सगळी शिकवण
एका जुन्या बनियनवर काळी होऊन निघाली.
मग त्याने एक पुडी फाडली.
राखाडी मलम, आत वाळूची कचकच.
म्हटलं, अरे, नवी आहे, चरे पडतील.

दाराशी त्याचा आजा जाळं सांधत होता.
मान वर न करता म्हणाला,
"वाम धरलीस कदी?
हाताला त्याल लावून धर, बग.
आमी राख लावताव."

पान्याचा काटा नकुलने पाचावर आणला.
"पाच झालं की हा स्वतःच सांगतो, बास."
टक्क.
मला अजून अर्धा फेरा हवा होता,
बोटं शिवशिवली.
त्याने पाना खिळ्याला अडकवला.
साठ रुपये. शंभर दिले, ठेवून घे म्हटलं,
त्याने चाळीस मोजून परत दिले.

तीन रविवार झाले. टेप जिथल्या तिथे.
गुडघा पुरा उलगडतो,
मांडीत मागच्या बाजूला एक स्नायू दुखतो
जो माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.
तरी किल्ला जंक्शनच्या सिग्नलला, पाय टेकून,
अंगठा आपोआप खाली जातो,
चाचपतो.

त्या दिवशी दुकानातून घरी आलो,
तीनदा हात धुतले, लिंबू चोळलं,
तरी भात कालवताना बोटांत कचकच राहिली.
वृंदा म्हणाली, काय लागलंय हाताला?
राख, म्हटलं.
आणि मग, ताटाकडेच बघत,
एक लाख अठरा.

माहीत आहे, ती म्हणाली.
आमटी घे.