सहा बाय तीन

कोपरखैरण्याच्या माझ्या दुकानात
'होय' आणि 'नाही' एकाच रोलवर छापले.
आधी होय, मग दोन इंच कोरी पट्टी, मग नाही.
इम्तियाजने मधून कातर चालवली
आणि दोन बिलं फाडली.

प्रश्न साधा होता.
आमच्या आठ बिल्डिंगी पाडायच्या की दुरुस्त करायच्या.
एकशे अठ्ठावीस घरं, घराला एक चिठ्ठी,
रविवारी, नऊ ते पाच.

खोपकर म्हणाले, मढवी, डोक्यात बसेल असं काहीतरी द्या.
चहा संपायच्या आत दिलं:
स्लॅब विचारून पडत नाही.
चार शब्द. एकही खोटा नाही.
खोटं होतं ते मागचं चित्र,
कोसळलेला जिना, कुठल्या गावचा देव जाणे.
त्याच्या कोपऱ्यात काळ्या गोल बटणांचा लाकडी बोर्ड होता,
आमच्याकडे सिडकोच्या काळापासून पांढरी बटणं.
तेवढा कोपरा मी कापला.

संध्याकाळी लोबो आले, नाहीवाले.
त्यांनाही दिलं: झोपाल मालक, उठाल भाडेकरू.
धंदा आहे.

मंगळवारी ग्रुपवर तो जिना आमच्या सी-तीनचा झाला.
गुरुवारी त्याखाली एक मुलगा सापडला.
शुक्रवारी मुलाला नाव मिळालं, वाशीचं हॉस्पिटल मिळालं,
डाव्या पायाला प्लास्टर.
सी-तीनमध्ये सोळा घरं.
सोळाही घरं म्हणाली, आमचा नाही हो, शेजारच्यांचा.

टेंबवलकर बाई आल्या त्या शनिवारी,
टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, पिशवीत ऑडिटचा रिपोर्ट,
एक्केचाळीस पानं.
सतराव्या पानावर पेन्सिलीने रेघ:
दुरुस्ती शक्य, त्यानंतर अंदाजे पंधरा वर्षं.
पण पुढच्याच ओळीत एक 'तथापि' होतं,
आणि बाईंनी तेही खोडलं नव्हतं.
म्हणाल्या, हे सगळं छापा.
बाई, सहा बाय तीनमध्ये एवढं मावणार नाही.
मग मोठं छापा.
मोठं छापलं तरी कोण थांबणार वाचायला?
तुमचं वाचायला किती वेळ लागतो हो?
दीड सेकंद, मी म्हणालो.
जरा अभिमानानेच म्हणालो.

त्यांनी तरीही छापून घेतलं. रोख पैसे दिले.
गेटवर लावलेला तो फ्लेक्स लांबून
मुंग्या लागलेल्या भाकरीसारखा दिसायचा.
दूधवाला सायकल टेकवायचा त्याला.

त्या रात्री घरी आलो तर हेमांगीने
पलंग ओढून भिंतीशी नेलेला.
का गं?
ती उशीला अभ्रा घालत होती, वर न बघता म्हणाली,
स्लॅब काय विचारून पडतो?

मला माहीत होतं हे वाक्य कुठे जन्मलं.
कुठल्या टेबलावर, कुठल्या बिनसाखरेच्या चहासोबत.
सांगायला तोंड उघडलं
आणि वर पाहिलं.
पंख्याच्या हुकापासून दिव्याकडे एक तडा गेला होता.
केसाएवढा.
काल होता का?
रंग दिला तेव्हा होता का?
मी दिवा बंद केला, मग परत लावला.

रविवारी क्लबहाउसात पडद्याआड
शिक्का हातात घेऊन उभा राहिलो.
दीड सेकंद पुरे, असं मीच म्हणायचो.
बाहेर कोणीतरी खोकलं. मग दार वाजलं.
मढवी, झोपलात काय?

सदुसष्ट, एकसष्ट.
खोपकरांनी पेढे आणले, लोबोंनीही एक घेतला.
टेंबवलकर बाईंनी आपला फ्लेक्स सोडवून, घडी करून नेला,
चार कोपरे नीट जुळवून, चादरीची करतात तशी.
प्लास्टरवाल्या मुलाला कोणी पुन्हा विचारलं नाही.
तो बरा झाला असावा.

मी स्टुलावर चढून तड्याच्या टोकाशी
रोज पेन्सिलीने तारीख टाकतो.
सोमवार, मंगळवार, बुधवार,
सगळे एकाच जागी, एकमेकांवर,
आता काळा ठिपका झालाय नुसता.

हेमांगीला दाखवला.
म्हणाली, हा तर वाढतोय.

पलंग अजून भिंतीशीच आहे.