झेरॉक्स : चाळीस

रविवारी दिवेलागणीला आईचा मिस्ड कॉल,
मग सातशे रुपये जमा,
मग परत आईचा मिस्ड कॉल.
पहिला म्हणजे घालतेय,
दुसरा म्हणजे मिळाले काय गं.

कॉस्टिंगच्या वहीचं मागचं पान.
मेसचे दादा महिन्याला भरतो, खोलीचेही तोच.
उरलेल्याला सातशे आणि सात दिवस.
दिवसाला शंभर.
गणित इतकं सरळ होतं
की तेव्हाच संशय यायला हवा होता.

सोमवार, आरपीडी क्रॉस.
शिवलीला आधार दाखवते, तिला शून्याचं तिकीट.
माझ्या कार्डावर तुडये, तालुका चंदगड.
कंडक्टरबाई ते उलटून बघतात,
मागच्या बाजूला मी कर्नाटकात असेन म्हणून.
"हदिनैदु," म्हणतात.
पंधरा.
आमच्याकडचे ओढे राकसकोपच्या धरणात उतरतात,
तिथून या शहराच्या नळाला येतात.
त्यांना कुणी आधार विचारत नाही.

बसमधून मला एवढं कन्नड आलं:
हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नूरु,
आणि चिल्लरे इल्ला.
पैसे घरून मराठीत येतात.

मंगळवार. वहीचं कव्हर, एक पेन, रिफिल मिळत नाही म्हणून अख्खं पेन.
बुधवारी मॅडमच्या निरोपाची वर्गणी, पन्नास.
निरोप घेणाऱ्या मॅडमनी मला एकदाच हाक मारली होती,
तीही चुकीच्या नावानं.
खरं वर्गणी सगळ्यांना सारखी.
गुरुवारी एकवीस रुपयांचा रिचार्ज
दुपारीच संपला. काय बघितलं तेही आठवत नाही.

आई शिनोळीच्या काजू कारखान्यात आहे.
किलोवर मजुरी. तेलानं तिच्या बोटांची सालं निघतात,
अंगठा उमटत नाही, रेशनवाला तीनदा पुसायला लावतो.
एका प्लेट गोबीला किती किलो गर,
हे काढायची रीत आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला शिकवली.
त्या रीतीनं मी फक्त पेपर सोडवला.

शुक्रवारी रात्री बेरीज बसेना.
चाळीस रुपये कमी.
दोनदा वरून खाली केली, एकदा खालून वर.
दप्तर झाडलं. त्यात दोन पिना, एक जुनं तिकीट,
आणि शेंगदाण्याचं साल.
शिवलीलानं झोपेतच विचारलं, काय हरवलं?
काही नाही, म्हटलं.

तेवढ्यात आठवलं.

मंगळवारी, खडेबाजार.
ऊन होतं. भूकही नव्हती.
दुकानातून तुपाचा वास रस्त्यावर आला
आणि माझे पाय माझं न ऐकता वळले.
शंभर ग्रॅम कुंदा, कागदी डबी, प्लास्टिकचा चमचा.
एका उभ्या स्कूटरच्या आड, भिंतीकडे तोंड करून
मी तो एकटीनं खाल्ला.
डबीचे कोपरेसुद्धा बोटानं पुसून.
शिवलीला तिच्या घरची शेंगा चटणी आली
की आधी माझ्या ताटात वाढते.
चमचा मी गटारात टाकला,
आणि कॉलेजपर्यंत चालत गेले
हातांना वास येतो का ते बघत.

वहीत लिहिलं: झेरॉक्स, ४०.
बेरीज लगेच बसली.
खाली दोन रेघा मारल्या, सरांसारख्या.

शनिवारी आई कामावरून सुटली की बोलते.
मागून टेम्पोचा आवाज, बायकांचा हसण्याचा.
"जेवलीस न्हवं?"
"होय."
"आणि पैसे कशाला गेले इतके?"
वही उघडी होतीच. वाचत गेले.
बस, पेन, मॅडम, रिचार्ज.
"आणि झेरॉक्स काढले."
"किती पानं?"
"चाळीस."
आई थोडी थांबली.
तिथल्या तिथे हिशेब करत असणार,
वही न घेता, बोटांवर,
जी बोटं उमटत नाहीत त्यांच्यावर.

"बरं," म्हणाली, "पैसे गेलेत तर वाच हां सगळी.
नुसती ठेवू नको."

"वाचले," मी म्हटलं,
आणि मग घाईनं, "वाचली. सगळी वाचली."

शिल्लक एकोणीस.
उद्या रविवार.